सांगायचे राहिलेले पथ्य

यवतमाळच्या भाजीबाजारात सत्यभामा रताळी निवडत होती. उद्या घट बसायचे, घरात तिघींचे उपास, म्हणून दवाखान्यातून सुटल्यावर ती परस्पर इकडे आली होती. पाटीतले एक रताळे तिने उचलले, ते किडके निघाले, ते ठेवून दुसरे उचलले, आणि तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी म्हणाले, "ह्याच त्या." आवाज शेजारच्या सुखीबाईचा होता. सुखीबाई कोणा अनोळखी बाईला हलक्या, देवळात बोलतात तशा आवाजात सांगत होती, की ह्याच त्या पंजाबरावांच्या थोरल्या कन्या, चातुर्मासाचे मौन धरलेल्या. डोळ्यांदेखत पाठच्या बहिणीच्या तोंडाचे वाटोळे झाले, पण बाईने मौन मोडले नाही. "एवढं तप आजच्या काळात कोणाच्यानं होते वो?" सुखीबाई म्हणाली. सत्यभामाने वळून पाहिले नाही. पण समोर बसलेल्या भाजीवालीची नजर तिच्यावरून उठून मागे गेली आणि परत तिच्यावर आली, ती बदलून आली. आणि भाजीवालीने तराजूत आणखी एक रताळे टाकले, न मागता. त्यावरून सत्यभामाला कळले, की मागे त्या अनोळखी बाईने हात जोडले असणार.

पिशवी घेऊन ती घराकडे चालू लागली. पाठीवर कोणीतरी ओला हात ठेवावा तसा तो न पाहिलेला नमस्कार तिच्याबरोबर येत होता. गेला पंधरवडा हेच चालले होते. तिची आई, इंदूबाई, येईल त्याला ही गोष्ट सांगत होती, आणि सांगताना तिचा ऊर भरून येत होता. एका पोरीचे गेले ते गेले, पण दुसरीच्या पुण्याईचे काहीतरी घरात राहिले, एवढाच तिला आधार असावा. पण आईला हे सांगितले कोणी? सत्यभामानेच. त्या दुपारी सगळे एकमेकांना विचारत होते, की धाकट्या नलूने ते तोंडाला लावलेच कसे, घरात इतकी माणसे, कोणाच्या नजरेस कसे आले नाही, तेव्हा ती बोलून गेली होती, "मी पाहून राह्यलती. पण माह्यं मौन होतं." ह्या दोन वाक्यांत एक अक्षर खोटे नव्हते. ती वाक्ये तिने नंतर कितीदा तरी उलटीपालटी करून पाहिली; धान्य पाखडताना खडा शोधावा तशी. खडा सापडत नव्हता, आणि तरी दाताखाली येत होता.

सुरुवात श्रावणात झाली. नलूसाठी बोरी अरबचे स्थळ आले. मुलगा दारव्ह्याला हायस्कुलात मास्तर, बाप पुंडलिकराव, चार माणसांत मान असलेला. त्यांनी आधी फोटो मागवला होता. नलू वीस वर्षांची, उभट चेहऱ्याची, बोलक्या डोळ्यांची. पण गेल्या दोन वर्षांत तिच्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीवर मुरमांनी घर केले होते. लाल, टणक, काही पिकलेली. फोटोवाल्याने निगेटिव्हच्या काचेवर बारीक पेन्सिल चालवून ती सगळी बुजवली, आणि फोटो आला तेव्हा नलू स्वतःच तो पाहून हसली. म्हणाली, "हे कोण होय वो बाई? हिले तर मीच पसंत करीन." ती सत्यभामाला बाई म्हणे. सगळे हसले. सत्यभामाही हसली. एक प्रत बोरी अरबला गेली, दुसरी तिने भिंतीला टेकवून ठेवली. फोटो पसंत पडला. पितृपंधरवडा लागायच्या आत आम्ही मुलगी पाहायला येतो, असे पुंडलिकरावांचे कार्ड आले, आणि घरात सगळ्यांना एकदमच उमगले, की ज्या तोंडाला पसंती आली आहे ते तोंड अजून तयार व्हायचे आहे. पंजाबराव कापसाच्या जिनात कारकून होते. पोरीचे तोंड काय डॉक्टरला दाखवायचे, असे म्हणणारे ते. पण त्या कार्डानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ते स्वतः कोट घालून नलूला सत्यभामाच्या दवाखान्यात घेऊन गेले.

दवाखाना खाजगी होता, एका म्हाताऱ्या डॉक्टरांचा. सत्यभामा तिथे सात वर्षे पुड्या बांधत होती, पट्ट्या करत होती, बायांच्या जखमा धूत होती. डॉक्टरांनी नलूची हनुवटी दोन बोटांनी वर धरून उजेडाकडे केली, एक कागद खरडला आणि आतल्या खिडकीतून कंपाउंडर धर्मपालकडे दिला. धर्मपाल हा चाळिशीचा, सडसडीत, हळू बोलणारा माणूस. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेला. रोज सकाळी वंदना म्हणून, पांढरे धुतलेले कपडे घालून कामावर यायचा. सत्यभामाला औषधांची इंग्रजी नावे वाचायला त्यानेच शिकवले होते, एकेक अक्षर बाटलीवर बोट ठेवून. त्याने पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर गंधकाची पिवळी पूड घेतली, दोन थेंब तेलात ती सुरीने घोटली, घोटता घोटता थोडे थोडे व्हॅसलीन घातले. ही घोटण्याची लय सत्यभामाला आवडे. जपासारखी होती ती. मलम पत्र्याच्या डबीत भरून त्याने ती नलूला नव्हे, सत्यभामाला दिली, कारण नलू आणि वडील तोवर निघून गेले होते. आणि दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे डबीबरोबर पथ्यही तोंडी दिले. मलमाच्या डब्यांवर कागद चिकटवायची पद्धत तिथे नव्हती. अर्ध्या लोकांना वाचता येत नसे, म्हणून डबी ज्याच्या हातात, त्याच्याच कानात पथ्य. रातच्याला लावायचं, सकाळी ऊन पाण्यानं धुवायचं, फोडायचं नाही, असे सांगून धर्मपाल थांबला आणि म्हणाला, "अन् हे सुरू आहे तोवर दुसरं काई लावू देऊ नका बाई. पाऱ्याचं तर नाईच. तुम्ही तर पाह्यलंच हाये."

तिने पाहिले होते. मागे एकदा, दुपारी गर्दी नसताना, धर्मपालने फरशीच्या कोपऱ्यात गंधकाचे मलम आणि खरजेसाठी ठेवलेले पाऱ्याचे पांढरे मलम चिमूट चिमूट एकत्र करून ठेवले होते, तिला दाखवायला. पिवळे आणि पांढरे. संध्याकाळी दिवा लावायच्या वेळेला तिथे शिशासारखा काळा डाग होता. वैद्य लोक खलात घोटतात ती कज्जली हीच, तो म्हणाला होता. पोटात घेतली तर औषध म्हणतात, अन् तोंडावर झाली तर धुता धुता महिना जाईन.

डबी तिने घरी आणली. नलूच्या हातात दिली. रात्री लाव, सकाळी धू, फोडू नको, असे सांगितले. आणि पुढचे सांगितले नाही. का नाही, हे आता तिला आठवत नव्हते, म्हणजे त्या क्षणी चुलीवर काही होते का, आईने हाक मारली का, असे काहीतरी. ती त्या क्षणात पुन्हा पुन्हा जाऊन पाही, पण तिथे आईही नसे आणि चूलही नसे. फक्त नलूचा पुढे केलेला तळहात असे, मऊ, आणि तिच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेला तो फोटो.

सत्यभामाचाही एक फोटो होता. दहा वर्षांपूर्वीचा, त्याच फोटोवाल्याकडचा. तिला मुरमे आली तेव्हा डॉक्टर कोणी नव्हता. आईने जायफळ उगाळून लावले, मसुराचे पीठ लावले, साय लावली, कोणी सांगितले म्हणून शिंपल्याचा चुनाही लावला, त्याने कातडी भाजली. आणि ती स्वतः आरशासमोर उभी राहून एकेक फोडत गेली, कारण फोडल्यावर क्षणभर बरे वाटे. मुरमे गेली तेव्हा गालांवर टाचणीने टोचून ठेवल्यासारखे खड्डे राहिले. वणीकडचे लोक पाहायला आले होते. मुलाच्या आत्याने पिशवीतून फोटो काढला, तिच्या गालाशेजारी धरला, कुडाच्या भोकातून पाहावे तसा एक डोळा बारीक केला आणि विचारले, "हा फोटो कोणाचा होय वो, हिच्या लहान बहिणीचा का?" नलू तेव्हा दहा वर्षांची, दारात उभी, परकर चावत. ती खुदकन हसली. तिला काय कळत होते? कोणीतरी आपल्याबद्दल बोलले म्हणून ती हसली. पण सत्यभामाच्या कानात आत्याचे बोलणे पुसट होत गेले आणि ते हसू तसेच राहिले, काचेच्या बाटलीत ठेवल्यासारखे. त्यानंतर आणखी दोन ठिकाणचे लोक येऊन गेले. मग घरात तिच्या लग्नाचे कोणी बोलेनासे झाले. वडिलांनी डॉक्टरांना सांगून तिला दवाखान्यात लावले. आणि ती हळूहळू देवाकडे वळली, म्हणजे तिला वळायला दुसरी बाजू नव्हती. सोमवार, एकादशी, चतुर्थी, तुळशीला पाणी घातल्याखेरीज तोंडात पाणी नाही. ह्या आषाढी एकादशीला तिने चातुर्मासाचे मौन धरले: उठल्यापासून आंघोळ, तुळस, अकरा माळा जप होईपर्यंत शब्द नाही. हातावर पाणी सोडताना संकल्प केला तो मोठ्याने, आईला ऐकू जाईल असा. नलूचे लग्न जुळू दे. आईने डोळ्यांना पदर लावला. संकल्प खरा होता. आजही ती तुळशीवर हात ठेवून सांगू शकली असती, की खरा होता.

गंधकाने गुण दिला. पहिले चार दिवस तोंड लाल झाले, आग झाली, मग कातडीची पापडी सुटू लागली, आणि पापडीखालून मुरमे बसत चालली. नलू घरभर गंधकाच्या वासाची फिरे. म्हणे, "मले कोणी घासू नका, मी आगपेटी झाली." वडिलांच्या जवळून जाताना मुद्दाम म्हणे, "बाबा, बिडी दूर ठेवा." पंजाबराव, जे कधी हसत नसत, तेही मिशीत हसत. आई सकाळी तिच्या हनुवटीला हात लावून बघे आणि सत्यभामाकडे कौतुकाने पाही, जणू ते मलम तिनेच घोटले होते. सत्यभामालाही बरे वाटे. रात्री नलू उशाशी बसून, डोळे मिटून, तोंड वर करी, "लाव बाई, तुह्या हातानं नीट लागते," आणि सत्यभामा बोटाने एकेक ठिपका देई. तिच्या बोटाखाली ते गाल सपाट होत चालले होते. रोज थोडे थोडे. एका रात्री हात धुताना तिने आपलेच बोट आपल्या गालावरून फिरवले, आणि तिथे बोट अडखळले. एवढेच झाले. ती जाऊन झोपली.

पाहुणे यायला तीन दिवस असताना सुखीबाई एक काचेची डबी घेऊन आली. नागपूरच्या सुनेने आणलेली, गोरेपणाची क्रीम. एका दिवसात रंग उजळतो म्हणाली. मुरमे बसली होती, पण जिथे बसली तिथे तांबूस वण होते, आणि नलूला आता तेही नको झाले होते. डबी आरशामागच्या फळीवर ठेवली गेली. दुसऱ्या दिवशी सत्यभामा वेणी घालायला तिथे उभी राहिली, डबी हातात घेतली, आणि सवयीने बारीक इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून वाचत गेली. सात वर्षांची सवय. शेवटच्या ओळीत तो शब्द होता. मर्क्युरी. पारा. तिने डबी ठेवली, होती तिथेच, त्याच कोनात. वेणी घातली. दवाखान्यात जाऊन आली. सांगू, असे तिच्या मनात होते. रात्री सांगू. रात्री नलू लवकर झोपली, मग सकाळी सांगू. नलू थोडीच लावणार आहे, तिचे तर तोंड आता बरे झाले आहे. असे दोन दिवस गेले. ह्या दोन दिवसांत ती नलूशी नेहमीपेक्षा जास्त मायेने वागली, हे तिला नंतर आठवले, आणि ह्या आठवणीनेच तिला सगळ्यांत जास्त भीती वाटली.

त्या सकाळी ती देवघराच्या कोनाड्यासमोर जपाला बसली होती. पाचवी माळ. घरात समईचा आणि स्वयंपाकघरातल्या कंदिलाचा उजेड. नलू आंघोळ करून आली, केसांना पंचा बांधलेला. भिंतीवरच्या आरशापुढे उभी राहिली. रात्रीचे गंधक तिने नीट धुतले होते, पण गंधक काही पुरते निघत नाही, कातडीच्या बारीक भोकांत ते बसून राहते, हे सत्यभामाला माहीत होते. नलूने फळीवरून काचेची डबी काढली. झाकण फिरवले. सत्यभामाचे ओठ हलत होते, नाव चालू होते, मणी सरकत होता. तिच्या मनात स्पष्ट आले, की आता बोलले पाहिजे. लगेच मागोमाग आले, की बोलले तर व्रत मोडेल. दोन महिन्यांचे मौन, नलूच्याच लग्नासाठी धरलेले, नलूच्या पाहण्याच्या दिवशी मोडायचे? हा विचार इतका व्यवस्थित आला, जणू कोणीतरी आधीच घडी घालून ठेवला होता. त्याच्या खाली आणखी काहीतरी होते. ते शब्दांत नव्हते. पाण्याच्या तळाशी मासा हलावा तसे. मणी सरकला. नलूने दोन बोटांवर पांढरी क्रीम घेतली. सत्यभामाने नाव म्हटले, आणि पुढचे नाव म्हटले, आणि अकरा माळा पुऱ्या केल्या. एकही मणी चुकला नाही.

सात वाजता नाकाच्या कडेला सावली दिसली. आई म्हणाली, काजळ पुसलं का नीट. आठ वाजता दोन्ही गाल राखेचे झाले होते, आणि प्रत्येक भोकात एकेक काळा ठिपका उठला होता, शिसपेन्सिलीने दाबून काढावा तसा. साबणाने धुतले, बेसनाने धुतले, दह्याने धुतले. नलू सुरुवातीला हसत होती, मग आरशापासून हलेना. ताप आला असे सांगून पाहुणे परतवू, असे पंजाबराव म्हणेपर्यंत पाहुणे दारात होते. दारातच त्यांना तापाचे सांगितले. ताप असला तरी नुसती बसवून दाखवा, आम्ही लांबून आलो, असे पुंडलिकराव सरळपणाने म्हणाले, आणि नलूला बाहेर नेऊन बसवले. तिने मान खाली घातली होती, पण हातात पोह्यांची बशी देताना मान वर करावी लागली. पुंडलिकरावांच्या बायकोने बशी घेतली आणि चौरंगावर ठेवून दिली, एक घासही घेतला नाही. मुलगा पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला. कोणी काही वाईट बोलले नाही. निघताना पुंडलिकराव वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीले मोठ्या दवाखान्यात दाखवा बाप्पा. लपवून ठेवायचा रोग नसते हा." त्यांना कसला रोग वाटला, ते त्यांनी नाव घेऊन सांगितले नाही, पण संध्याकाळपर्यंत गल्लीत दोघीतिघींनी ते नाव घेतले, आणि पुढच्या आठवड्यात कोरड्या मजकुराचे नकाराचे कार्ड आले.

कार्डाची वाट नलूने पाहिली नव्हती. पाहुणे गेले, आणि ती न्हाणीत शिरली आणि आतून कडी लावून घेतली. भांडी घासायची विटेची भुकटी आणि काथ्या तिथेच होता. आई दार ठोठावत होती, वडील ओरडत होते, आणि आतून फक्त घासण्याचा आवाज येत होता, खरखर, खरखर, थांबून पाण्याचा, मग पुन्हा खरखर. सत्यभामा दाराशी उभी राहून तो ऐकत होती. दार उघडले तेव्हा काळे बरेच गेले होते. त्याच्याबरोबर कातडीही.

दवाखान्यात धर्मपालने नलूचे तोंड पाहिले, तेव्हा त्याने नलूला काहीच विचारले नाही. तो सत्यभामाकडे वळला. "पारा लागला," तो म्हणाला. विचारले नाही, सांगितले. मग डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे जखमा धुऊन, पूड भुरभुरून, जाळीची पट्टी ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी गालांत पू झाला. आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, जखमा भरतील, पण खड्डे राहतील, दोन्ही गालांवर. त्या दिवसापासून धर्मपाल प्रत्येक मलमाच्या डबीवर कागदाची चिठ्ठी चिकटवू लागला. वाचता येत नसलेल्यांच्याही. एकदा खळ लावता लावता तो खाली मानेनेच म्हणाला, की चूक माझीच, मी कागद लावायला पाहिजे होता. सत्यभामाला वाटले, आता सांगावे. ती म्हणाली, "माह्यं मौन होतं हो त्या येळी." धर्मपालने चिठ्ठी अंगठ्याने दाबून बसवली. बराच वेळ बसवत राहिला. मग म्हणाला, "खोटं बोलणार नाही असं आम्ही रोज सकाळी म्हणतो बाई. गप्प राह्यल्याचं त्यात काई नाई. मीही आजकाल इचार करून राह्यलो त्याच्यावर." आणि पुढची डबी घेतली.

घर आले. रताळी टोपलीत ओतून, हातपाय धुऊन, सत्यभामाने पट्टीचे सामान काढले. रोज संध्याकाळी नलूच्या तोंडाची पट्टी तीच बदलत असे. नलू खिडकीपाशी पाटावर बसे, डोळे मिटून, तोंड वर करून, पूर्वीसारखेच. पंधरा दिवसांत नलूने तिला एकदाही काही विचारले नव्हते. हळू, किंवा झालं का, एवढेच. सत्यभामाने जाळी पाण्याने भिजवून सोडवली. खाली ओली, गुलाबी, उंचसखल कातडी होती. कोणत्या जागी कोणता खड्डा राहणार हे तिला आता दिसत होते. तिला ती नक्षी पाठ होती. हा आपलाच चेहरा आहे, असे तिच्या मनात आले, आणि तिच्या हातातला कापूस थांबला. बाहेर आई कोणालातरी तेच सांगत होती, दोन महिन्यांचं मौन, डोळ्यांदेखत. नलू डोळे मिटून ते ऐकत होती.

"नलू," सत्यभामा म्हणाली. "त्या डबीवर लिहेल होतं. मी दोन दिवस आधी वाचलं होतं."

नलूने डोळे उघडले नाहीत. "मले वाटलंच," ती म्हणाली. "तू आरशात दिसत होती मले. बोटं बुडवून मी थांबली होती. म्हटलं बाई दवाखान्यातली हाये, चुकत असन तर मान हलवन. मौनात मान तर तू हलवतेच. त्याच सकाळी मांजर दुधापाशी गेलं, तवा तू चुटकी वाजवली होती."

मांजर. सत्यभामाला मांजर आठवत नव्हते. मग आठवले. नाव न थांबवता, माळ न थांबवता, डाव्या हाताने वाजवलेली चुटकी, आणि आईने धावत येऊन झाकलेले दूध. गेले पंधरा दिवस ती त्या सकाळीत शेकडो वेळा फिरून आली होती. समई, कंदील, आरसा, पंचा, सगळे होते, आणि हे मांजर मात्र तिने तिथून हाकलून दिले होते.

"बाई, तुले बरं वाटलं का?" नलूने विचारले. आवाजात राग नव्हता. मलम कुठवर लागले, असे विचारावे तसे विचारले.

आई बाहेर थांबली होती, ऐकणारी बाई हळहळत होती. सत्यभामाला नाही म्हणता आले असते. नाही हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता, आणि कोणीही तो खोटा ठरवू शकले नसते, देवाशिवाय. "हो," ती म्हणाली. "एवढुसं. राख दिसू लागली तवा. मंग नाही."

नलूने डोळे उघडले. जखमांच्या वर ते डोळे तेवढे पूर्वीचे होते, बोलके. ती सत्यभामाच्या गालांकडे पाहत होती, एका गालाकडे, मग दुसऱ्या. इतकी वर्षे एका घरात राहून तिने तिकडे कधी असे पाहिले नव्हते. "आता माह्या हातानं लावीन मी," ती म्हणाली, आणि कापूस तिच्या हातून घेतला. मग म्हणाली, "मौन सोडू नको. माह्यासाठी धरेल हाये ते. सकाळी मी समोर येऊन बसीन."

सत्यभामाला वाटले, हे नुसते बोलणेच आहे, पोरगी काय झुंजुरका उठते. पहाटे तिने आंघोळ केली. घटाची माती आईने रात्रीच चाळून ठेवली होती. तुळशीला पाणी घातले, समई लावली, आसनावर बसली. व्रत सोडून द्यावे, असे तिच्या मनात येऊन गेले होते. सोडणे सोपे होते, आणि सोपे होते म्हणूनच तिला ते करवले नाही. पहिला मणी अंगठ्याखाली घेतला तोच पावले वाजली. नलू आली. देवघराच्या कोनाड्याला पाठ लावून, सत्यभामाच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. पदराने हात पुसले. मग दोन्ही गालांवरची जाळी तिने हलकेच सोडवली आणि मांडीवर ठेवली, आणि समई बाजूला ओढून, तिचा उजेड सगळा तोंडावर पडेल अशी मान वळवून ती स्थिर झाली.

सत्यभामाने डोळे मिटले. मग उघडले. कार्तिकी एकादशीला अजून चाळीस दिवस होते. तिने नाव घेतले आणि मणी सरकवला.